‘प्लेनिट्यूड’ वापरताय? मग या चुका टाळा

‘भरपूर’ला भारदस्त इंग्रजी शब्द हवा असला की लोक ‘प्लेनिट्यूड’ उचलतात. निबंध, नोकरीचे अर्ज, स्मरणिका, सगळीकडे तेच. तपासायला येणाऱ्या मजकुरात निम्म्या वेळा तो मला खोडावाच लागतो.

पहिली चूक अक्षरांची. ‘प्लेन्टी’च्या ओढीने मध्ये एक जादा ‘टी’ घुसतो आणि ‘प्लेन्टिट्यूड’ होतं. काही कोशांत हे रूप सापडतं, पण मी ते कधीही ठेवत नाही. मूळ लॅटिन ‘प्लेनुस’, म्हणजे भरलेला. आपला ‘पूर्ण’ही त्याच इंडो-युरोपीय धातूतून आलेला. ‘प्लेनुस’मध्ये ‘ट’ नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

उच्चारात ‘प्ली’ नको, ‘प्ले’ म्हणा. ‘प्लीनरी सेशन’ (परिषदेत सगळ्यांची एकत्र बैठक) ऐकून ही गफलत होते.

आता मला सर्वांत जास्त छळणारी चूक: ‘प्लेनिट्यूड’ आणि ‘प्लेथोरा’ एकच समजणं. एका संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आभाराच्या पानावर ‘अ प्लेथोरा ऑफ डोनर्स’ असं होतं. मी लाल शाईने खूण केली. संपादन करणारा तरुण म्हणाला, “सर, ॲपमध्ये दोन्ही समानार्थी दाखवलेत.” छपाईची घाई होती, ते तसंच छापलं गेलं. देणगीदारांत एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी समारंभातच विचारलं, “आम्ही गरजेपेक्षा जास्त झालो का?” त्यांचं बरोबर होतं. जुन्या युरोपीय वैद्यकात ‘प्लेथोरा’ म्हणजे शरीरात रक्ताचा अतिरेक, आणि त्यावर इलाज शीर कापून रक्त काढण्याचा. आज अनेक जण तो नुसत्या ‘पुष्कळ’साठी वापरतात आणि कोशही ते नोंदवतात, पण अतिरेकाची छटा पुसली गेलेली नाही. ज्यांचे आभार मानायचे, त्यांच्यासाठी हा शब्द नकोच.

मग ‘अ प्लेनिट्यूड ऑफ डोनर्स’ चाललं असतं? व्याकरणाने हो, कानाला नाही. या शब्दाला काठोकाठ भरलेपण लागतं, उणं काही न उरलेलं. मध्ययुगात पोपच्या संपूर्ण अधिकाराला ‘प्लेनिट्यूड ऑफ पॉवर’ म्हणत. युरोपीय कुलचिन्हांच्या परिभाषेत पौर्णिमेच्या चंद्राला ‘मून इन हर प्लेनिट्यूड’ म्हणतात. सत्ता, काळ, जीवन, निसर्गाची समृद्धी अशा थोर गोष्टींजवळ तो शोभतो. माणसं मोजायची असतील तर ‘मेनी डोनर्स’ लिहा. साधा शब्द लिहायला लाजणाऱ्या नवशिक्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांना सांगायचं असतं ते चांगलं असतं आणि शब्द ते झाकून टाकतो.

जेवून पोट भरलं तर ‘आय ॲम फुल’. तिथे ‘प्लेनिट्यूड’ आणू नका.

‘फुलसम’ म्हणजे ‘भरभरून’ असं धरून ‘फुलसम प्रेझ’ लिहू नका. बरेच वाचक त्यातून खोटी, अति स्तुती असाच अर्थ घेतात.

माझी सवय सांगतो. समानार्थी शब्दांच्या यादीतून मी शब्द घेत नाही. कोश उघडून त्या शब्दाची तीन-चार उदाहरणवाक्यं मोठ्याने वाचतो, त्याच्या शेजारी कोणते शब्द बसलेत ते पाहतो. माझं वाक्य त्या पंगतीत बसलं तर ठेवतो, नाहीतर ‘प्लेन्टी’ लिहून पुढे जातो. याला पाच मिनिटं लागतात, आणि ॲपवर बोट ठेवून ती वाचवता येत नाहीत.