इंजिनाचे पार्ट घरी रंगवताय? या चुका टाळा

माझ्या जुन्या बुलेटचा ब्लॉक (ज्यात पिस्टन चालतो तो इंजिनाचा भाग) मी पहिल्यांदा घरी रंगवला, तेव्हा तीन आठवडे गाडीकडे नुसतं बघत बसावंसं वाटायचं. मग लोणावळ्याला एक फेरी झाली आणि खालच्या दोन फिन्सवरचा (ब्लॉक गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांवरचा) काळा रंग पापडासारखा सुटला. सुटलेल्या पोपड्याची आतली बाजू बोटाला तेलकट लागली. मी स्प्रेच्या डब्याला शिव्या घातल्या, पण गफलत डबा उघडण्याच्या आधीच झाली होती.

जुन्या बुलेटचा ब्लॉक बिडाचा. बीड तेल पितं. वीस-तीस वर्षं तेलात राहिलेला ब्लॉक वरून रॉकेलने धुतला की चकचकीत दिसतो, पण आत मुरलेलं तेल गरम झालं की घामासारखं बाहेर येतं, आणि तेव्हा वर आपला रंग असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव पार्टचंही थोडंफार असंच.

म्हणून पार्ट आधी उघडाच भाजायचा. धुऊन, वायर ब्रश मारून, पूर्ण कोरडा करून ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसला अर्धा-पाऊण तास. बाहेर काढल्यावर फिन्सच्या मुळाशी तपकिरी ओल दिसेल. पार्ट पूर्ण गार होऊ द्या, मग अ‍ॅसिटोनने पुसा. गरम धातूवर अ‍ॅसिटोन म्हणजे आगीला आमंत्रण. पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत हा खेळ चालवायचा. माझ्या ब्लॉकला तीन फेऱ्या लागल्या. शेवटचा हात रॉकेलचा नको, ते स्वतःच तेलकट थर सोडतं. ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर त्यात क्लोरीनची संयुगं नाहीत ना, हे लेबलवर बघा. तसलं रसायन तापलं की विषारी वायू होतो.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात. रंग वाळला म्हणजे पक्का झाला असं समजतात. उष्णता सोसणारे रंग हवेत फक्त वाळतात. पक्के व्हायला त्यांना ताव लागतो. न भाजलेल्या रंगावर पेट्रोलचे चार थेंब सांडले तर तो बोटाने पुसला जातो. ‘मे महिन्याच्या उन्हात ठेवला की झालं’ हेही ऐकलंय. विदर्भातल्या उन्हातही काळा धातू साठ-सत्तर अंशांच्या फारसा पुढे जात नाही, त्याने भागत नाही.

मग ताव किती? इथे दोन रंगांची गल्लत होते. इंजिन एनॅमल हा ब्लॉक आणि कव्हरसाठी. त्याला साधारण ९३ अंशांना वीस मिनिटं पुरतात. सायलेन्सर आणि बेंड पाइपचा (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीचा) रंग वेगळा. तो पायऱ्यापायऱ्यांनी भाजतात: १२० ला अर्धा तास, गार करा, २०० ला अर्धा तास, पुन्हा गार, मग ३१५ च्या आसपास. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्याचं ऐका, पण आकडा फॅरनहाइटमध्ये आहे का ते आधी बघा. परदेशी डब्यावरचं २०० म्हणजे आपले ९३. मित्राने ओव्हनचा काटा सरळ २०० सेल्सिअसवर नेला. क्रीम रंगाचं कव्हर बिस्किटासारखं होऊन बाहेर आलं, वर बारीक फोड.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, बहुतेक २५० अंशांपर्यंतच जातो, त्यामुळे सायलेन्सरची शेवटची पायरी गाडीवरच होते. दहा मिनिटं आयडलला, म्हणजे उभ्या गाडीवर रेस न देता, चालवा, गार करा, वीस मिनिटं चालवा, गार करा, मग छोटी फेरी. धूर निघेल. घाबरू नका, पण हे उघड्यावर करा.

आणि हो, स्वयंपाकघरातला ओव्हन नको. एकदा त्यात रंग भाजला की पुन्हा त्यात केक नाही. भंगारातून जुना ओटीजी आणा, गच्चीत ठेवा आणि आत वेगळा थर्मामीटर टांगा, कारण त्याच्या काट्यावर भरवसा नसतो. पार्ट तारेने मधोमध अडकवा, म्हणजे कॉइलजवळची बाजू करपणार नाही. वेळ मोजायची ती पार्ट तापल्यापासून. जड ब्लॉकला तापायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात. ताजा ओला रंग तर आत घालूच नका: बंद डब्यात थिनरची वाफ आणि शेजारी लाल झालेली कॉइल. किमान एक रात्र जाऊ द्या.

रंग मारताना हात पातळ ठेवा. वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून दोन धूसर हात, तिसरा जरा ओला, मध्ये दहा-दहा मिनिटं. जाड हाताने ओघळ येतात, आणि वरची साय आधी वाळून आतलं थिनर भाजताना फोडासारखं वर येतं. काही एनॅमलना पुढचा हात तासाभरात नाहीतर थेट सात दिवसांनी द्यायचा असतो. मध्येच दिला की सुरकुत्या पडतात. खाली साधा रेड ऑक्साइड मारू नका. वरचा रंग ताव सोसतो, खालचा प्राइमर सोसत नाही, आणि दोन्ही मिळून सुटतात.

गॅस्केटच्या जागा, बोअर (पिस्टन फिरतो ती आतली पोकळी) आणि प्लगचे आटे झाका. तिथला रंग म्हणजे पुढची गळती. साधी मास्किंग टेप ओव्हनमध्ये जाण्याआधी काढा, नाहीतर तिचा गोंद तिथेच भाजून बसतो. क्रँककेस (ब्लॉकच्या खालची इंजिनाची पेटी) भाजणार असाल तर ऑइल सील आणि बेअरिंग आधी काढाच. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, आणि ओव्हनमधून ‘ठक’ असा आवाज आला की समजायचं, बेअरिंग ट्रेवर पडलं. मेकॅनिक हीच युक्ती मुद्दाम वापरतात, पण ती अनपेक्षित घडली तर छातीत धस्स होतं.

भाजून गार झाल्यावर बिडाच्या बोअरवर लगेच इंजिन ऑइलचं बोट फिरवा. आपणच तेलाचा शेवटचा कण काढलेला असतो, त्यामुळे ते बीड उघडं असतं. मी एकदा जुलैमध्ये ‘सकाळी करू’ म्हणून झोपलो. सकाळी ब्लॉक बाहेरून काळा कुळकुळीत होता आणि बोअर आतून गंजून केशरी.