जीझिप, टार, एक्सझेड वापरताना या चुका टाळा

जीझिप (फाइल कॉम्प्रेस, म्हणजे आवळून लहान करणारी कमांड) चालवलं की मूळ फाइल जाते आणि तिच्या जागी डॉट जीझेड फाइल उरते. त्याच कामाच्या बीझिप२ आणि एक्सझेड या कमांडही तेच करतात, झेडएसटीडी मात्र मूळ फाइलला हात लावत नाही. एकाची सवय दुसऱ्याला लावली की घोटाळा होतो. मूळ फाइल हवी असेल तर 'के' हा ऑप्शन द्या. डिस्क भरत आली म्हणून कॉम्प्रेस करायला घेतलं असेल, तर नवी फाइल पूर्ण होईपर्यंत जुनीही जागा अडवून बसते, हे आधीच धरून चाला. जागा नसेलच, तर 'सी' ऑप्शन देऊन आउटपुट दुसऱ्या डिस्कवर वळवा.

सगळ्यात महागात पडतं ते चालू लॉग (सर्व्हर अजून नोंदी लिहीत असलेली फाइल) कॉम्प्रेस करणं. सर्व्हरने ती फाइल उघडून ठेवलेली असते. जीझिप ती वाचतं आणि काम झालं की तिचं नाव डिरेक्टरीतून काढून टाकतं. सर्व्हरला याचा पत्ताच नसतो, तो त्याच बिननावाच्या फाइलमध्ये लिहीत राहतो. त्या नोंदी डॉट जीझेडमध्ये येत नाहीत आणि नव्या लॉगमध्येही सापडत नाहीत. जागाही सुटत नाही: डिस्कवरची एकूण जागा दाखवणारं डीएफ म्हणतं डिस्क भरलेली आहे, फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूच्या बेरजेत मात्र ती फाइल धरलेलीच नसते. दोघांचे आकडे जुळेनासे झाले की 'एलएसओएफ +एल१' चालवा, पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइल समोर येतील. योग्य क्रम असा: आधी लॉगचं नाव बदला, सर्व्हरला लॉग नव्याने उघडायला लावा, मगच कॉम्प्रेस करा. लॉगरोटेटमधला (जुने लॉग ठरावीक वेळाने बाजूला काढणारा प्रोग्राम) 'डिलेकॉम्प्रेस' नेमका यासाठीच आहे, तो कॉम्प्रेशन पुढच्या फेरीवर ढकलतो. तो काढून टाकू नका.

टारमध्ये (अनेक फाइल एकाच आर्काइव्हमध्ये बांधणारी कमांड) 'एफ' ऑप्शनला लागून जे येईल तेच आर्काइव्हचं नाव ठरतं. 'सीझेडएफ'ऐवजी '-सीएफझेड' लिहिलंत तर 'झेड' नावाची फाइल तयार होते. आर्काइव्हचं नाव विसरून 'एफ'पुढे थेट तारांकन (*, म्हणजे सगळ्या फाइल) दिलंत, तर यादीतली पहिली फाइल आर्काइव्हखाली गाडली जाते, आणि ती परत मिळत नाही.

जेपेग किंवा व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस करण्यात वेळ घालवू नका, त्या आधीच आवळलेल्या असतात. एक्सझेडला '-९' ही सर्वांत वरची पातळी देतानाही थांबा: एकाच थ्रेडवर कॉम्प्रेस करतानाही सुमारे ६७४ एमबी मेमरी लागते, '-६'ला ९४ एमबीत भागतं.

'नॉट इन जीझिप फॉरमॅट' असं आलं तर 'फाइल' कमांडने आत काय आहे ते बघा. बरेचदा डाउनलोडऐवजी एररचं एचटीएमएल पान सेव्ह झालेलं असतं. 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल' म्हणजे फाइल अर्धवट उतरली आहे, ती पुन्हा आणा. मूळ प्रतच उरली नसेल तर झीकॅटने (डॉट जीझेड फाइलमधला मजकूर दाखवणारी कमांड) तुटलेल्या जागेपर्यंतचा मजकूर बहुधा काढता येतो. बीझिप२ची फाइल मध्येच खराब झाली असेल तर बीझिप२रिकव्हर शाबूत ब्लॉक वेगळे काढून देतं.