परिसर सल्लागार मंडळामार्फत आपले म्हणणे शहर प्रशासनापुढे कसे मांडावे

परिसर सल्लागार मंडळाला, म्हणजे शहराच्या एका भागातील रहिवाशांचे म्हणणे प्रशासनाला कळवणाऱ्या मंडळाला, रस्ता बांधण्याचा किंवा परवाना नाकारण्याचा अधिकार नसतो. त्याच्या हाती असते ती शिफारस. तिचे वजन ती वेळेत पोहोचली का आणि तिच्यात कोणती कारणे नोंदवली आहेत, यावर ठरते.

म्हणून आधी मुदत पाहावी. न्यूयॉर्कमध्ये अशी 59 मंडळे असून प्रत्येकात जास्तीत जास्त 50 बिनपगारी सदस्य असतात. जमीनवापरातील बदलाच्या प्रस्तावावर मत देण्यासाठी त्यांना साधारणपणे 60 दिवस मिळतात. सभा महिन्यातून एकदा भरत असेल, तर एवढ्या अवधीत हाती येतात दोनच सभा. शिवाय बारकाईची छाननी बहुधा उपसमितीत होते आणि मुख्य सभेपुढे तयार मसुदाच येतो, त्यामुळे विषयपत्रिका मिळताच उपसमितीची बैठक गाठावी.

कारणे का महत्त्वाची, हे वॉशिंग्टन शहराच्या कायद्यावरून कळते. तेथे सुमारे 2,000 रहिवाशांमागे अशा मंडळाचा एक सदस्य दोन वर्षांसाठी निवडून येतो. रीतसर सूचना देऊन भरवलेल्या, गणसंख्या पूर्ण असलेल्या जाहीर सभेत मंडळाने संमत केलेल्या लेखी शिफारशीतील मुद्द्यांना विशेष महत्त्व देणे संबंधित खात्यावर बंधनकारक आहे. एखादा मुद्दा अमान्य करायचा असल्यास खात्याला त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. अर्थात, नुसत्या ‘रहिवाशांचा विरोध आहे’ या ठरावाला खाते काय उत्तर देणार? त्याऐवजी, ‘उपाहारगृहाचे मागील दार निवासी गल्लीत उघडते आणि तेथे रात्री अकरानंतर माल उतरवला जातो; म्हणून माल उतरवण्याची मुभा रात्री नऊपर्यंतच असावी,’ असे लिहावे. यात जागा, वेळ, त्रास आणि मागणी, सारे येते.

सभेत बोलायला जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात. निवेदनाची प्रत सचिवांकडे देऊन ती इतिवृत्ताला जोडण्याची विनंती करावी. सभांना साहजिकच सवड असलेली मंडळीच अधिक दिसतात. भाडेकरू आणि रात्रपाळीचे कामगार यांची लेखी निवेदने आवर्जून गोळा करावीत, नाहीतर मंडळाचे मत म्हणजे मोजक्या घरमालकांचे मत होऊन बसते.

ठराव संमत झाल्यावर त्याची प्रत मागून घ्यावी, संबंधित खात्याच्या सुनावणीला ती घेऊन हजर राहावे आणि खात्याचे उत्तर आले की ते मंडळाच्या पुढील सभेत वाचून दाखवावे, अशी लेखी मागणी करावी.