व्हेप आणि सिगारेट: आधी काय सोडायचं, आणि कसं

निकोटिन सोडायचं ठरवलेल्या विशीतल्या माणसाने सर्वांत आधी एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं: व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) हातात येण्याआधी सिगारेट होती का? पुढचं वेळापत्रक त्यावरच ठरतं, कारण व्हेप काहींना सिगारेटपर्यंत नेतं आणि काहींची सिगारेट सोडवतं.

आकडे दोन्ही बाजूंचे आहेत. २०१७ साली नऊ अभ्यास एकत्र करून १४ ते ३० वयाच्या १७,३८९ जणांची माहिती तपासली गेली. सुरुवातीला सिगारेट न ओढणाऱ्या या लोकांपैकी ज्यांनी व्हेप करून पाहिलं होतं, त्यांच्यातले सुमारे ३० टक्के पुढे सिगारेटकडे गेले. व्हेपला हात न लावलेल्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास राहिलं. म्हणून सगळा दोष व्हेपचाच, असं म्हणता येत नाही. ज्याला एक करून बघायची खुमखुमी असते, तो दुसरंही करून बघतो. शिवाय अमेरिकेत २०११ ते २०१९ या काळात हायस्कूलच्या मुलांमधलं व्हेपिंग १.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेलं, आणि त्याच काळात सिगारेट १५.८ वरून ५.८ टक्क्यांवर आली. आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८६ प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१९मध्ये आले. वर्षभरानंतर व्हेप दिलेल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते. निकोटिनची गम, त्वचेवर चिकटवायचा पॅच वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. पण व्हेपवर सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. जाहिरात करणारे पहिलं वाक्य सांगतात आणि भीती घालणारे शेवटचं. निर्णय घ्यायला दोन्ही लागतात.

तुम्ही यांपैकी कोण?

फक्त व्हेप, सिगारेट कधीच नाही: व्हेप चालू ठेवण्याचं तुम्हाला आरोग्याचं एकही कारण नाही. सिगारेट सोडण्यासाठी मदत होते हा युक्तिवाद तुम्हाला लागूच पडत नाही. तुमचा खरा धोका वेगळा आहे. ज्या दिवशी डिव्हाइस संपतं, हरवतं किंवा हॉस्टेलवर जप्त होतं, त्या दिवशी तलफ टपरीवर घेऊन जाते. सुट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२०पासून बंदी आहे, आणि तरी ती कुठे मिळते हे कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे पर्यायी तयारी आधी, डिव्हाइस बंद नंतर.

फक्त सिगारेट: भारतात असाल तर व्हेपचा विचार सोडा. २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवणूक आणि जाहिरात सगळंच बंद केलं आहे. विक्रीसारख्या गुन्ह्याला पहिल्या खेपेस एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, पण परदेशातून येताना बॅगेत आणणं म्हणजे आयातच. आणि चोरून विकल्या जाणाऱ्या मालाच्या पाकिटावर लिहिलेलं निकोटिन आत तेवढंच आहे का, हे तपासणारं कुणी नसतं. ब्रिटनमध्ये शिकत असाल तर तिथल्या सरकारी धूम्रपानमुक्ती सेवेत व्हेपचा पर्याय मिळू शकतो. ऑस्ट्रेलियात २०२४पासून ते फक्त औषधांच्या दुकानातून मिळतं. तिथे हा मार्ग घेतलात तर अट एकच: ठरलेल्या दिवसापासून सिगारेट पूर्ण बंद.

दोन्ही: ही सगळ्यात वाईट जागा, आणि बरेच जण इथेच अडकतात. दिवसा ऑफिसात व्हेप, संध्याकाळी मित्रांबरोबर सिगारेट. सिगारेट दहावरून दोनवर आली म्हणून बरं वाटतं. हृदयाच्या बाबतीत तो हिशेब चुकतो. दिवसाला २० सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्यातला जवळजवळ अर्धा एकाच सिगारेटने वाढतो. तेव्हा आधी सिगारेट शून्यावर आणायची, ती तिथे टिकली की मग व्हेप. व्हेप घाईने सोडून सिगारेट परत येणार असेल, तर थांबा.

आधी मोजा

तीन दिवस काही बदलू नका, फक्त लिहा: उठल्यापासून पहिला झुरका किती मिनिटांनी, कुठे, कुणाबरोबर. ३० मिनिटांच्या आत असेल तर अवलंबन जास्त समजायचं. व्हेपचं गणित असं: लिक्विडमध्ये २ टक्के निकोटिन म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, ५ टक्के म्हणजे ५०. दोन मिलिलिटरचा ५ टक्क्यांचा पॉड (लिक्विडची कुपी) दोन दिवसांत संपत असेल, तर रोज ५० मिलिग्रॅम निकोटिन डिव्हाइसमधून जातं. सगळं रक्तात पोहोचत नाही, पण एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅमच जातं हे लक्षात ठेवा. निकोटिन सॉल्टचा (आम्ल मिसळून सौम्य केलेल्या निकोटिनचा) वाफारा घशाला खवखवत नाही, त्यामुळे किती झालं ते कळत नाही. सिगारेट जळून संपते, व्हेपला असा शेवट नसतो.

तारीख, आणि त्याआधीचा आठवडा

दोन आठवड्यांच्या आतली तारीख धरा. परीक्षा किंवा लग्नाचा आठवडा टाळा. मधल्या दिवसांत जागा कमी करा: आधी अंथरुणातलं बंद, मग गाडीतलं, मग मोबाइल बघतानाचं. व्हेपमध्ये निकोटिन कमी करत जाण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. वापरून फेकायच्या डिस्पोजेबलमध्ये तो शक्यच नाही, आणि इतर डिव्हाइसमध्येही टक्का उतरला की माणूस झुरके वाढवतो. टक्का उतरवायचाच तर झुरके मोजून.

निकोटिन गम नीट वापरली नाही तर काही उपयोग नाही, आणि बहुतेक जण ती च्युइंगगमसारखी सलग चघळतात. मग निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. उचक्या लागतात, जळजळ होते, तलफ तशीच राहते. गम सावकाश चावा, झणझणी किंवा तिखटपणा जाणवला की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये धरून ठेवा. मिनिटभरात झणझण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा. असं अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको. आम्लामुळे निकोटिन तोंडात शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४च्या वर कधीच नाही. सुरुवात २ मिलिग्रॅमने करा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत झुरका लागत असेल तर ४ मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारा. तलफ आल्यावर गम शोधू नका, ती घड्याळाने घ्या.

रोज दहाहून जास्त सिगारेट असतील तर २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४चा दोन, ७चा दोन. रोज जागा बदला, नाहीतर त्वचा लाल होते. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढा. पॅच आणि गम एकत्र, एकेकट्यापेक्षा जास्त चालतात. व्हेप सोडायला या दोन्हींचा पुरावा सिगारेटइतका भक्कम नाही.

त्या बाबतीत आशादायक आकडा व्हॅरेनिक्लिन या गोळीचा आहे. अमेरिकेत १६ ते २५ वयाच्या २६१ व्हेपकऱ्यांवरच्या चाचणीत (२०२५) नवव्या ते बाराव्या आठवड्यात पूर्ण बंद ठेवणारे, गोळी घेणाऱ्यांमध्ये ५१ टक्के निघाले आणि खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये १४ टक्के. चोविसाव्या आठवड्यापर्यंत मात्र ५१चे २८ झाले. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची. डोस आठवडाभर हळूहळू चढवतात. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी.

पहिले दहा दिवस

चिडचिड, झोप मोडणं, लक्ष न लागणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतं. तलफेची एक लाट काही मिनिटांची असते, तेवढा वेळ जागा बदला.

चहा-कॉफी निम्मी करा, आणि यामागचं कारण फार कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या डांबरी पदार्थांमुळे यकृत कॅफीन झपाट्याने संपवतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहातलं कॅफीन रक्तात जास्त राहतं. छाती धडधडते, झोप लागत नाही, आणि माणूस म्हणतो ‘सोडल्याचा त्रास’. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नव्हे. त्यामुळे सिगारेटवरून व्हेपवर गेलेल्यालाही हे होतं. फक्त व्हेप सोडणाऱ्याला होत नाही. याच कारणाने दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी ओलान्झापिन, क्लोझापिन घेत असाल, तर सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस कमी करावा लागू शकतो.

दारूच्या बैठका महिनाभर टाळलेल्या बऱ्या. ‘एकच दे’ हे वाक्य तिथेच तोंडातून निघतं.

घसरलात तर त्याच दिवशी दोन गोष्टी बघा: कुठल्या वस्तूवर घसरलात, आणि त्या दिवशी गम किती घेतली होती. व्हेप सोडताना सिगारेटवर घसरला असाल तर गमची मात्रा अपुरी आहे. ती वाढवा, तारीख मात्र बदलू नका. मार्गदर्शनाची राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे: १८००-११-२३५६. मेसेजवर मदत हवी तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या.

उरलेलं डिव्हाइस ‘अडीनडीला’ म्हणून कपाटात ठेवू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. आत लिथियम बॅटरी असते. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की आग लागू शकते. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. लिक्विडची बाटली लहान मुलांच्या हाती लागली तर थोडंसं पोटात जाणंही जिवावर बेतू शकतं, तेव्हा ती घट्ट बंद करून त्याच दिवशी घराबाहेर काढा.