ड्रिल न लावता मुलांची कीड थांबवताय? मग या चुका टाळा

"दुधाचेच दात आहेत, पडणारच की" हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात पण दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत तोंडात असतात, तोवर पोराने काय किडक्या दाढेनेच जेवायचं का?

आणि आता दरवेळी सुई, ड्रिल, रडारड असं राहिलेलं नाही. एसडीएफ म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, हे औषध किडलेल्या जागी छोट्या ब्रशने लावतात, काही मिनिटांचं काम. 2021 मध्ये डब्ल्यूएचओने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. गोंधळ होतो तो काळ्या डागावरून. किडलेला भाग काळाकुट्ट होतो, मग घरात सगळे म्हणतात डॉक्टरने दात जाळला आणि आई घासून घासून डाग काढायला बघते. अहो तो जाणार नाही, काळं आणि कडक झालंय म्हणजेच कीड थांबलीये. ओठाला लागलेला डाग मात्र थोड्या दिवसांत आपोआप जातो. पुढच्या दाताला काळं नको असेल तर लावायच्या आधीच बोला, आणि चांदीची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

एकदा लावलं की झालं असं समजू नका, साधारण 6 महिन्यांनी परत दाखवून बहुतेक वेळा परत लावावं लागतं. आणि मूल रात्री दुखून उठत असेल किंवा हिरडीवर पुळी आली असेल तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते, तिथे एसडीएफचा हट्ट धरून दिवस घालवू नका.

ड्रिल टाळायचा दुसराही एक उपाय आहे: दाढेवर न कोरता स्टीलची टोपी बसवतात त्याला हॉल टेक्निक म्हणतात, स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्यावरून. आत कोंडलेल्या किडीला साखर मिळत नाही म्हणून ती थांबते. टोपी सुरुवातीला चावताना उंच लागते, काही आठवड्यांत चावा बसतो, घाबरून लगेच काढायला लावू नका.

पण हे सगळं करून झोपताना दुधाची बाटली चालूच असेल तर शेजारचा दात किडणारच. पेस्ट 1000 पीपीएम फ्लोराइडची घ्या, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी, थुंकायला लावा पण वर पाण्याने खळखळून चूळ नको. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी नवीन दाढ येते ना, ती दुधाची नाही, कायमची आहे, तिच्या खाचा बुजवून घ्यायचं डॉक्टरांना नक्की विचारा.