पोळ्यासाठी बैलांचे घुंगरपट्टे: दहाची खेप

बाभळीच्या सालीत कमावलेलं, साधारण ४ मिलिमीटर जाडीचं म्हशीचं चामडंच घ्या. कापलेली कड आतून निळसर-राखाडी दिसली तर ते क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. ते ताणतं आणि घासून कड बसत नाही. पट्टे पाठीच्या भागातून काढा, पोटाचं चामडं पहिल्याच मिरवणुकीत लांबतं.

बैलाची मान दोरीने मोजा, त्यात बक्कल आणि भोकांसाठी २० सेंटिमीटर धरा. रुंदी ५ सेंटिमीटर. रापीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला, आधी धार लावा. बोथट रापी चामडं ओढते आणि पट्टा वाकडा निघतो.

दहाही पट्टे एकदम कापू नका. एक पूर्ण करा, बैलाच्या गळ्यात घालून बघा, मगच बाकीचे कापा.

बक्कल शिवताना खरी परीक्षा. आरीने (चांभाराच्या टोच्याने) दर ५ मिलिमीटरवर भोकं पाडा, आरी सरळ धरा, नाहीतर मागची ओळ नागमोडी जाते. दोरा शिलाईच्या चौपट लांब, मेण लावलेला, दोन्ही टोकांना सुई. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या आणि सारख्याच जोराने ओढायच्या. असा एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही, मशीनची उसवते. शेवटी तीन टाके मागे घ्या.

घुंगरू पट्ट्याला जोडणाऱ्या रिव्हेटचं (धातूच्या खिळ्याचं) टोक आतून सपाट ठोका. बोट फिरवून बघा, बोटाला टोचलं तर बैलाच्या मानेलाही टोचणारच.

कड ओली करून जाड कापडाने चकाकेपर्यंत घासा. एरंडेलाचा पातळ हात द्या, सावलीत वाळवा. पोळा ऐन पावसाळ्यात, म्हणून प्लास्टिकमध्ये बांधू नका, बुरशी धरते.