रीडिंगचा सराव करताना प्रत्येक उत्तराचा पुरावा शोधा
आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रीडिंगमध्ये (उतारे वाचून उत्तरं देण्याच्या भागात) ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात. म्हणून बरेच जण घड्याळ लावून पेपरमागून पेपर सोडवत सुटतात, आणि गुण मात्र तिथल्या तिथेच राहतात. खरा अभ्यास पेपर तपासून झाल्यावर सुरू होतो. प्रत्येक उत्तर उताऱ्यातल्या कोणत्या वाक्यावरून आलं ते शोधा आणि त्याखाली रेघ ओढा. बरोबर आलेल्या उत्तरांसाठीसुद्धा हे कराच, कारण अंदाजाने जमलेलं उत्तर पुढच्या वेळी दगा देतं.

काही प्रश्नांत दिलेलं विधान उताऱ्यानुसार 'ट्रू' (बरोबर), 'फॉल्स' (चूक) की 'नॉट गिव्हन' (उताऱ्यात माहितीच नाही) ते ठरवायचं असतं. सगळ्यात जास्त गल्लत 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांत होते. समजा, उताऱ्यात लिहिलंय की कारखाना १९२० मध्ये सुरू झाला. 'कारखाना १९३० नंतर सुरू झाला' हे विधान फॉल्स, कारण उतारा ते सरळ खोडून काढतो. 'कारखान्याला सुरुवातीला तोटा झाला' याबद्दल उताऱ्यात चकार शब्द नसेल, तर उत्तर नॉट गिव्हन, मग ते विधान तुम्हाला कितीही पटलेलं असो. रेघ ओढायला वाक्यच सापडत नसेल, तर बहुतेक वेळा तेच उत्तर असतं.

याच उताऱ्यांतून शब्दही टिपा, पण सुटे नकोत. नुसतं 'डिसिजन' लिहिण्यापेक्षा 'मेक अ डिसिजन' असं अख्खं लिहा. रायटिंगमध्ये ते जसंच्या तसं उपयोगी पडतं. व्याकरणासाठी स्वतःच्या चुकांची वेगळी वही ठेवा. 'डिस्कस'पुढे चुकून 'अबाउट' लावायची सवय असेल, तर 'अबाउट'शिवाय स्वतःची दोन-तीन वाक्यं लगेच लिहून काढा.